भट्टीसाठी माती-तणसाचा गारा कसा करायचा

लोखंड गाळायची छोटी मातीची भट्टी बांधायची म्हटलं की लोक पहिले ब्लोअरबद्दल विचारतात, मग कोळसा किती पोती लागेल, मग लोखंडाचा दगड कुठून आणायचा, आणि माती? माती काय, शेतात पडलीय तेवढी, असं म्हणून मोकळे होतात. मला हे खरंच खटकतं. कारण भट्टी फुटते ती बहुतेक वेळा मातीपायी फुटते, आणि फुटताना आग दिसत असली तरी चूक झालेली असते पंधरा दिवस आधी, गारा कालवताना. म्हणून इथे मी फक्त गाऱ्याबद्दल लिहितोय. कोळसा, दगड, हवा या गोष्टींना हात लावत नाही.

गारा म्हणजे माती, रेती, कवेलूचा (घरावरच्या मातीच्या कौलाचा) चुरा, आणि तणस हे सगळं पायाने तुडवून केलेला घट्ट चिखल. तुमच्याकडे तणसाला पेंढा म्हणत असतील, कुठे काड म्हणतात, आमच्या भंडाऱ्याकडे धानाचं ते तणस. शाळेतल्या पोरांना दाखवायला म्हणून मी हे काम सुरू केलं आणि आता दर वर्षी संक्रांतीनंतर एक तरी भट्टी उभी राहते.

आमच्या भागाला हे नवीन नाही तसं. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नायकुंडला १९७८ ते १९८० मध्ये उत्खनन झालं तेव्हा महापाषाण काळातली, म्हणजे इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासची, लोखंड गाळायची भट्टी मिळाली, मातीच्या वक्र विटा आणि हवेच्या मातीच्या नळ्या. आणि गोंदियाच्या पलीकडे गेलं की बालाघाट, मंडला, दिंडोरी या भागात आगरिया लोक पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भट्टीत लोखंड गाळत आलेत, पायाने दाबायच्या भात्यावर. लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर हे त्यांचे देव, एक लोखंडाचा, एक कोळशाचा, एक आगीचा. ही सगळी माणसं हातात होती त्याच मातीवर काम करत होती, बाहेरून फायर ब्रिक, म्हणजे खूप आच सोसणारी वीट, मागवत नव्हती, आणि मला वाटतं आपणही निदान पहिली भट्टी तशीच करावी, म्हणजे माती कळते.

आधी हिशोब

मी जी भट्टी धरून सांगतोय ती उभी, गोल, आतून ३० सेंटीमीटर रुंद, भिंत १२ सेंटीमीटर जाड, उंची ९० सेंटीमीटर. म्हणजे बाहेरून ५४ सेंटीमीटर झाली. एवढ्या भिंतीला ओला गारा साधारण १४० लिटर लागतो आणि त्याचं वजन अडीचशे किलोच्या वर जातं. हा आकडा सांगितला की लोक चकित होतात, कारण डोळ्याला भट्टी छोटी दिसते. तर सामान असं जमवा: चाळलेली कोरडी माती १० घमेली, कवेलूचा चुरा आणि रेती मिळून ६ ते ७ घमेली, कापलेलं तणस ८ घमेली (दाबून भरू नका, सैल), आणि पाणी ५० लिटरच्या आसपास, पण ते एकदम नाही. घमेलं म्हणजे गवंड्याचं साधं, ज्यात १०-११ लिटर मावतं ते. वर २ घमेली गारा जास्तच निघाला पाहिजे, तो कशाला ते शेवटी सांगतो.

हे प्रमाण दगडावरची रेघ नाही. तुमची माती जेवढी चिकट तेवढा चुरा जास्त, म्हणूनच आधी माती तपासायची.

माती

भिंतीला तीन गोष्टी सोसायच्या असतात. पहिली, सुकताना आकसणं. दुसरी, आतून, भट्टीत हवा सोडणाऱ्या नळीच्या समोर १२०० ते १३०० अंश आणि बाहेरून त्याच्या मानाने कितीतरी कमी, एवढा फरक त्या १२ सेंटीमीटरमध्ये. तिसरी, आत वितळलेली मळी, म्हणजे स्लॅग, जी भिंतीला चाटत चाटत खाली येते. (लोखंड स्वतः वितळायला १५३८ अंश लागतात, तिथपर्यंत आपण जात नाही, दगडातला बाकीचा भाग वितळून मळी होते आणि लोखंड स्पंजासारखं गोळा होऊन राहतं.)

काळी कन्हार माती घेऊ नका. धानाला चांगली, गव्हाला चांगली, भट्टीला अजिबात नाही. पाणी पिऊन फुगते, सुकली की उन्हाळ्यातल्या बांधीसारख्या (धानाच्या शेतासारख्या) भेगा पडतात, आणि त्यात चुनखडे असतात. चुनखड्याचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण दिसायला तो वाटाण्याएवढा पांढरा खडा असतो. भट्टी तापली की त्याचा चुना होतो, पुढे हवेतली ओल लागली की तो चुना फुगतो आणि रुपयाएवढी कपची उडवून देतो. मातीवर लिंबू पिळून बघा, फसफसली तर ती माती राहू द्या.

चांगली चालते ती लालसर-पिवळी चिकणमाती. आमच्याकडे बोडीच्या, म्हणजे छोट्या तलावाच्या, तळाची, वरचा गाळ काढून टाकून हातभर खालची, पिवळट राखाडी, बोटाला साबणासारखी लागते ती. तलावाची माती काढायची तर ग्रामपंचायतीला आधी विचारा. सिहार मातीत रेती आधीच असते, ती घेतली तर वेगळी रेती कमी टाकायची. आणि वारुळाची माती मिळाली तर सोनं, पण नांदतं वारूळ फोडू नका, पडकं, सोडलेलं बघा. वाळवीने ती आधीच बारीक करून, खडे गाळून, घट्ट बसवलेली असते. बस्तरचे ढोकरा, म्हणजे मेणाच्या साच्यातून पितळेचं ओतकाम, करणारे घडवा कारागीर साच्याला वारुळाचीच माती धानाच्या तुसात मिसळून वापरतात, आणि बस्तर आमच्या गडचिरोलीला लागूनच आहे.

तपासण्या तीन करा, तिन्ही.

काचेची बरणी घ्या, तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या, परत हलवू नका. रेती मिनिटाभरात खाली बसते, मग बारीक गाळ दोन-तीन तासात, आणि खरी चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्यात तरंगत राहून सगळ्यात वर पातळ पिठासारखी बसते. हा वरचा थर एकूण मातीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असला तर बरं. फारच कमी असला तर गारा धरणार नाही, निम्म्याहून जास्त असला तर आकसेल.

दुसरी, पट्टी. ओली माती मळून वीतभर लांबीची पट्टी करा, त्यावर खिळ्याने बरोबर १० सेंटीमीटर अंतरावर दोन रेघा मारा आणि सावलीत वाळवा. वाळल्यावर परत मोजा. नुसती माती असताना ६-७ मिलिमीटर कमी झालं तर घाबरायचं कारण नाही, चुरा आणि तणस पडल्यावर ते खाली येतं. तयार गाऱ्याची पट्टी मात्र ५ मिलिमीटरच्या आतच आकसली पाहिजे. कन्हार मातीची पट्टी एकदा करूनच बघा, सेंटीमीटरच्या वर जाते आणि मधूनच मोडते.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडते. मातीची लाडवाएवढी चकती वाळवून गावातल्या लोहाराकडे घेऊन जा आणि त्याच्या भात्याच्या हवेसमोर, निखाऱ्यात, पंधरा-वीस मिनिटं ठेवायला सांगा. बाहेर काढली की कडा जरा चकाकते, काच चढल्यासारखी, पण आकार तोच आहे, तर माती पास. कडा गळून मधासारखी ओघळली असेल तर ती माती बाहेरच्या भिंतीला वापरा, आत नाही.

कवेलूचा चुरा

रेती सगळे टाकतात, ती टाकाच, पण निम्मी जागा भाजलेल्या मातीच्या चुऱ्याला द्या. रेतीतला स्फटिक ५७३ अंशाला एकदम फुगतो आणि निवताना परत आकसतो, त्या प्रत्येक वेळी आजूबाजूच्या मातीला हिसका बसतो. कवेलू एकदा भट्टीतून जाऊन आलेलं असतं, त्याचं आकसणं संपलेलं असतं, आणि ते मातीचंच असल्यामुळे मातीसोबत तापतं निवतं. जुन्या घरांवरची कवेलू उतरवून पत्रे टाकणं चाललंय सगळीकडे, तुकड्यांचे ढीग पडलेले असतात, कोणीही देतं. पोत्यात घालून घणाने कुटा, ज्वारीच्या दाण्यापासून ते तुरीच्या दाण्यापर्यंत असं मिसळ राहिलं पाहिजे, सगळं पीठ नको. कुटताना तोंडाला ओलं फडकं किंवा मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसाला वाईट. नदीतले गोटे मात्र एकही नको, त्यांच्या आत पाणी अडकलेलं असतं आणि तापल्यावर ते फुटतात.

चुलीच्या लिंपणात राख घालतात, म्हणून इथेही घालावीशी वाटते. घालू नका. राखेतल्या क्षारांमुळे माती लवकर वितळते, चुलीला फरक पडत नाही कारण तेवढी आच नसते, भट्टीत पडतो. मिठाचंही तेच. सिमेंटही नाही, ४००-५०० अंशांच्या पुढे ते सुटायला लागतं.

तणस, आणि माझी पहिली भट्टी

पहिल्या वर्षी मी तणस बांधीतून आणलं तसंच टाकलं, हातभर लांबीचं, पेंढीच्या पेंढी. मला वाटलं लांब धागा म्हणजे पकड जास्त. तुडवताना ते गुंडाळ्या होऊन एकाच दिशेने झोपलं, भिंतीत पापुद्रे तयार झाले, वरून मी ती एप्रिलच्या उन्हात उघड्यावर वाळवली कारण शाळेला सुट्या लागायच्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी जाऊन बघितलं तर वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी भेग. सगळी पोरं उभी होती आजूबाजूला, आठ दिवस पाय तुडवून दमलेली, कोणी काही बोललं नाही. ती भट्टी आम्ही पेटवलीच नाही. त्यामुळे तणसाबद्दल मी जरा लांबवून सांगणार आहे.

तणस मातीला चिकटवत नाही, ते काम चिकणमातीचं आहे. तणस करतं ते असं: ओली भिंत बाहेरून आधी सुकते आणि आतलं पाणी आत कोंडतं, तणसाची काडी पोकळ असते, त्या काडीच्या वाटेने आतलं पाणी बाहेर येतं, म्हणून भिंत सगळीकडे सारखी सुकते. सारखी सुकली तर सारखी आकसते. तरीही भेग पडली तर ती काडीपाशी येऊन थांबते, किंवा वळते, आणि एक मोठी भेग पडण्याऐवजी शंभर केसाएवढ्या पडतात ज्या काहीच बिघडवत नाहीत. मग आग लागली की आतल्या बाजूचं तणस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक बोगदे राहतात, त्यात हवा, त्यामुळे आच आत टिकते आणि कोळसा वाचतो. बाहेरच्या बाजूला एवढी उष्णता पोचतच नाही, तिथलं तणस तसंच राहतं आणि भिंतीला बांधून धरतं. भट्टी मोडल्यावर भिंतीचा तुकडा हातात घेऊन बघा, आतली कड काचेसारखी काळी-हिरवी, मग विटेसारखा लाल पट्टा, मग काळा, आणि बाहेरच्या बोटभर जाडीत पिवळं तणस जसंच्या तसं, ओढलं तर निघतं.

तर तणस कापायचं. कडबाकुट्टी असेल तर ३ ते ५ सेंटीमीटरवर लावा, नाहीतर विळ्याने. यंदाचं, कोरडं, पिवळं धमक घ्या, बुरशी लागलेलं काळपट नको. गव्हाचं काड पण चालतं, थोडं राठ असतं म्हणून जास्त भिजवा. लीद मिळाली तर घमेलंभर घ्याच, घोड्याने चावून बारीक केलेला तो धागा आपल्या कुट्टीला जमत नाही, शेणात तो त्याहून बारीक होतो पण चालतं.

भिजवणं

इथे एक गोष्ट उलटी आहे जी कोणाला पटकन पटत नाही. माती भिजवायच्या आधी ती पूर्ण, अगदी खडखडीत वाळवायची. अर्धवट ओलं ढेकूळ पाण्यात टाकलं तर दोन दोन दिवस ढेकूळच राहतं, वाळलेलं ढेकूळ टाकलं तर बुडबुडे सोडत आपोआप फुलून विरघळतं. म्हणून ताडपत्रीवर पसरून तीन दिवस ऊन द्या, मोगरीने ठोका, रेतीच्या चाळणीने चाळा, मुळ्या, खडे, काटे, काचा काढून टाका. पाय घालायचेत त्यात, बाभळीचा एक काटा पुरतो.

मग खड्डा करा किंवा ताडपत्रीवरच मातीचं आळं करा आणि मध्ये पाणी सोडा. हात लावायचा नाही. पाणी स्वतः चढत जातं. वर कोरडं दिसलं की अजून थोडं, असं दिवसभरात तीन-चार वेळा, आणि गोणपाट झाकून रात्रभर.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे एक कुंभारकाका आले होते बघायला. सत्तरीच्या पुढचे, आता चाक चालवत नाहीत. मी सकाळी भिजवलेली माती दुपारी तुडवायला घेतली होती, वरून छान चिकट झालेली. त्यांनी काही न बोलता एक लोंदा उचलला, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फोडला आणि माझ्यासमोर धरला. आत हरभऱ्याएवढे फिकट ठिपके. एक ठिपका नखाने काढून त्यांनी चुरडला, त्याची भुकटी उडाली. म्हणाले, "मास्तर, माती वली झाली, पन भिजली नाई अजून." तेव्हापासून मी दोन रात्री ठेवतो आणि लोंदा फोडून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. तो ठिपका भिंतीत राहिला तर तेवढी जागा कच्ची.

तुडवणं

मातीवर आधी कवेलूचा चुरा आणि रेती पसरून भुरभुरा, एकाच ठिकाणी ओतू नका. तुडवायला टाच वापरा, मधून सुरू करून बाहेर गोल गोल. दहा मिनिटं झाली की ताडपत्रीचं एक टोक धरून दोघांनी ओढायचं, सगळा गारा स्वतःवर गुंडाळला जातो, परत तुडवायचं, मग दुसरं टोक. फावड्याने उलटण्यापेक्षा हे किती तरी सोपं आणि मिसळतंही छान. चुरा पूर्ण मुरला, म्हणजे कुठेही रंगाचे पट्टे दिसत नाहीत, की मगच तणस. तणस आधी पाणी शिंपडून मऊ करून ठेवलेलं असावं, कोरडं टाकलं तर ते मातीतलं पाणी पितं आणि गारा एकदम कडक होतो, मग माणूस वरून पाणी ओततो, आणि संध्याकाळी तणसाने पाणी सोडलं की सगळं पातळ. मूठ मूठ पसरत तीन-चार हप्त्यांत टाका.

पाणी कमीच राहू द्या. हे मी पोरांना शंभरदा सांगतो तरी पातळ गारा तुडवायला सोपा जातो म्हणून कोणीतरी तांब्या ओततंच. जेवढं पाणी जास्त तेवढं ते नंतर निघून जाणार आणि तेवढी भिंत आकसणार, सरळ हिशोब आहे. तुडवताना सुरुवातीला फचक फचक आवाज येतो, गारा बसला की पाय निघताना चट् असा सुटा आवाज येतो आणि पावलाचा ठसा कडांसकट उभा राहतो, ढासळत नाही. तेव्हा थांबा. दोन-तीन जण असले तर एवढ्या गाऱ्याला अर्धा दिवस जातो.

मग तपासायचं. संत्र्याएवढा गोळा करून छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. पचकन पसरला तर पाणी जास्त झालंय, उघडा ठेवून वाऱ्यावर जरा सुकवा. फुटून तुकडे झाले तर माती कमी किंवा पाणी कमी. तळाला चपटा झाला आणि कडेला थोड्या केसासारख्या चिरा, तर बरोबर. दुसरं, एक लोंदा दोन हातांनी ओढून तोडा आणि तुटलेली बाजू बघा, तणस चहूकडे टोकं काढून उभं दिसलं पाहिजे, एकाच बाजूला विंचरल्यासारखं झोपलेलं नको.

मुरवणं

हा टप्पा सगळे गाळतात आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, कारण यात काही करायचंच नसतं. गाऱ्याचा ढीग घालून, ओलं गोणपाट आणि वर ताडपत्री झाकून पाच ते सात दिवस सोडून द्या. तणस कुजायला लागतं, बोडीच्या तळासारखा वास येतो, आतून गारा राखाडी-काळा पडतो. हे सगळं चांगलं लक्षण. पाणी अगदी बारीक कणापर्यंत पोचतं, कुजण्याने गारा तुळतुळीत होतो आणि कमी पाण्यात जास्त वळतो. पायाला जखम असेल तर मुरलेल्या गाऱ्यात उतरू नका, गमबूट घाला, आणि काम झालं की हातपाय साबणाने धुवा. बांधायच्या दिवशी सकाळी परत एकदा तासभर तुडवायचा, पाणी न घालता.

भिंतीला लावताना

जागा उंचवट्यावरची, खाली बोटभर रेती. आतल्या मापासाठी बांबूच्या कमच्यांचा पिंजरा करून त्याला तणसाची दोरी गुंडाळा, पुढे अस्तर द्यायच्या आधी तो काढून घ्यायचा. नारळाएवढे लोंदे करून आपटून बसवा आणि वरच्या लोंद्यातून खालच्यात अंगठा खोल घालून माती खाली ओढा, म्हणजे दोघांचा सांधा राहत नाही. विटेसारखे एकावर एक ठेवले तर आगीत नेमके तिथेच सुटतात. दिवसाला वीतभरच चढवा, फार तर २५ सेंटीमीटर. संध्याकाळी वरची कड बोटांनी खरवडून ओल्या गोणपाटाने झाका. बाहेरची बाजू अर्धवट वाळली, म्हणजे अंगठा दाबला तर ठसा उठतो पण माती चिकटत नाही, की लाकडी थापीने सगळीकडून ठोका. याने गारा घट्ट होतो आणि बारीक भेगा तिथल्या तिथे मिटतात.

याच वेळी आतून २ सेंटीमीटरचं अस्तर द्या. त्याचा गारा वेगळा: बारीक चाळणीची माती १ घमेलं, बारीक चुरा दीड घमेलं, आणि अर्धं घमेलं लीद किंवा धानाचं तूस, कापलेलं तणस नाही. नळीच्या आजूबाजूला दुप्पट जाड करा, तिथली भिंत थोडी तरी वितळून मळीत जातेच, दर वेळी.

सुकवणं

सावलीत, पत्र्याखाली, वारा थेट लागणार नाही अशा जागी आठ ते दहा दिवस. पहिले तीन दिवस गोणपाट गुंडाळलेलं. मग आत काटक्यांचा लहानसा जाळ, बाहेरच्या भिंतीला तळहात टेकवता आला पाहिजे एवढाच, दोन-तीन तास, रोज. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि ती भिंतीचा तुकडा उडवून बाहेर येते, डोळ्याला लागू शकतं, म्हणून या दिवसांत तोंडावर वाकून बघू नका. पाणी गेलं का ते कळायला जाळ मंद असताना स्टीलचं थंड ताट भट्टीच्या तोंडावर लांबून, चिमट्याने धरा. ताटावर दव धरलं तर अजून पाणी आहे, उद्या परत जाळ. दोन दिवस लागोपाठ ताट कोरडं राहिलं की लाकूड वाढवत वाढवत आतली भिंत अंधारात मंद लाल दिसेपर्यंत न्या, सावकाश, चार-पाच तासात. मातीच्या कणांत अडकलेलं शेवटचं पाणी ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान सुटतं, ते गेलं की मग कोळसा भरायला हरकत नाही.

भेगा पडतील, थोड्या पडतातच. रुपयाचं नाणं आत जात नाही एवढ्या भेगेला हात लावू नका. त्याहून मोठी असेल तर चाकूने कडा कापून व्हीच्या आकाराची करा, कडांना पाणी मारून मुरू द्या आणि घट्टातला घट्ट गारा ठासून भरा. पातळ चिखल ओतून भेग भरायची नाही, तो स्वतःच आकसून दुसऱ्या दिवशी खडखड वाजतो.

आणि ते राखून ठेवलेले २ घमेली. ते ओल्या गोणपाटात झाकून भट्टी पेटवायच्या दिवशी हाताशी ठेवा, शेजारी पाण्याची बादली आणि चामड्याचे हातमोजे. हवा सुरू झाली की तासाभरात कुठेतरी, बहुतेक नळीच्या वरच्या बाजूला, भेगेतून निळी ज्योत बाहेर दिसायला लागते. लिंबाएवढा गोळा घ्या, चपटा करा, फळीच्या टोकावर ठेवून त्या जागेवर दाबा आणि दहापर्यंत मोजून फळी बाजूला सरकवत काढा, सरळ मागे ओढली तर गोळा सोबत येतो. कडा लगेच पांढुरक्या होतात. निळी ज्योत थांबली नाही तर त्याच्यावरच दुसरा.